दौलतभाऊंचा वयंबा

दौलतभाऊ कोणाच्याही घरी आले की आधी जयभीम नाही, नमस्कार नाही, "पाणी द्या" नाही. सरळ आत यायचे, समोर टेबल असो, खाट असो की ओट्याची फरशी असो, त्यावर उजवा तळहात पसरून ठेवायचे आणि डोळे मिटायचे. घरातली माणसं चिडीचूप. मग डोळे उघडून म्हणायचे, "नाई हालत," आणि आल्या पावली परत. चुलीवर चहा उकळत असला तरी थांबायचे नाहीत. पण कधी कधी म्हणायचे, "हालते." आणि बसायचे. ते बसले की त्या घरातली बाई देवापुढे दिवा लावायला धावायची, कारण दौलतभाऊ ज्या घरी बसतात त्या घरातलं माणूस जातं, हे अख्ख्या नेरात पक्कं झालं होतं.

मी अमरावतीची. लग्न होऊन नेरला आले आणि बसस्टँडच्या रस्त्यावर टायपिंगचा क्लास काढला. भूतबित, शकुन-अपशकुन, असलं काही मी मानत नाही आणि मानणाऱ्याचा तोंडावर पाणउतारा करते, हा माझा जुना दुर्गुण. दौलतभाऊ पहिल्यांदा क्लासमध्ये आले तेव्हा दहा मुली दहा मशीनवर धडाधडा टाइप करत होत्या. यांनी टेबलावर हात ठेवला, डोळे मिटले, म्हणाले, "हालते."

"अहो, दहा मशीन चालू आहेत, हलणार नाही तर काय नाचणार?" मी म्हटलं.

"ते नाई वैनी. त्याच्या खालचं म्हनतो मी."

मुली आठवडाभर टेबलाखाली वाकून बघत होत्या. एकीनं तर क्लासच सोडला.

दौलतभाऊंचं घर आमच्या घरासमोर. घर एका खोलीचं, पण त्याला लागून टिनाचं मोठं शेड. माणूस जिनिंग फॅक्टरीत फिटर होता. कापसातून सरकी काढणाऱ्या त्या अजस्र मशीन्स नुसत्या आवाजावरून दुरुस्त करायचा. आणि शेडमध्ये होतं गोट्यांचं मशीन. विलायती पिनबॉल. तिरप्या काचेखाली लोखंडी गोटी धावते, घंट्या वाजतात, दिवे लागतात, खाली आलेली गोटी दोन लाकडी फळ्यांनी पुन्हा वर मारायची. फळ्यांना दौलतभाऊ 'हात' म्हणायचे. एका मीनाबाजारवाल्यानं धंदा गुंडाळला तेव्हा यांनी ते बंडीवर घालून, चारी बाजूंनी सरकीची पोती लावून, यवतमाळहून नेरपर्यंत आणलं होतं. रबर तुटलं की जिनिंगच्या रोलरचं चामडं, स्प्रिंग गेली की ट्रॅक्टरची, घंटी गेली की सायकलची. मशीनच्या उभ्या काचेवर एका गोऱ्या बाईचं चित्र होतं. रंगाचे पोपडे उडून तिचा चेहरा पार गेला होता, फक्त दात उरले होते, आणि मागे बल्ब असल्यामुळे ते दात पेटायचे. मी एकदाच बघितलं आणि त्या दिवशी जेवले नाही.

या मशीनशी त्यांची ओळख जुनी. दहा-अकरा वर्षांचे असताना बापाबरोबर यवतमाळला मीनाबाजार बघायला गेले होते. चार आणे टाकले, गोटी सोडली. गोटी खड्ड्याकडे चालली म्हणून यांनी मशीनला जीव खाऊन धक्का मारला. झालं! सगळे दिवे गेले, हात लुळे पडले, आणि काचेवर इंग्रजीत चार अक्षरं पेटली. टिल्ट. "मले वाटलं मी मारलं त्याले," दौलतभाऊ सांगायचे. "असा रडलो वैनी, का माया बाप मले उचलून बाहेर नेऊन राह्यला अन् मी त्या मशीनचा पाय सोडत नाई." शेवटी मीनाबाजारवाल्यानं झाकण उघडून आतली गंमत दाखवली. आत एक ओळंबा टांगलेला असतो, गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला वापरतो तसाच, छोटा. त्याच्याभोवती लोखंडी कडं. थोडं हलवलं तर ओळंबा नुसता झुलतो. जास्त हलवलं की कड्याला टेकतो आणि मशीन बंद. आमच्या वऱ्हाडात ओ चा व आणि ळ चा य होतो, म्हणून दौलतभाऊंचा ओळंबा झाला वयंबा.

त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलं, की वयंबा सगळ्यांना असतो. भिंतीला असतो, बैलाला असतो, माणसाला तर असतोच. वरून कळत नाही. हात ठेवला की कळतं.

नेरच्या लोकांनी त्यातून क्रियापदच काढलं. टिलटणे. गाय लाथा मारायला लागली की गाय टिलटली. सासू रुसून लेकीकडे गेली की सासू टिलटली. बाजार समितीच्या सभेत एक संचालक खुर्ची उचलून धावले तेव्हा दुसऱ्या दिवशी सगळं गाव म्हणत होतं, "सायेब टिलटले." दौलतभाऊंना हे आवडायचं नाही. ते म्हणायचे, "हासाची गोष्ट नाई ना बापा ते."

हसण्याची गोष्ट नव्हतीच. कापसाची ती वर्षं वाईट होती. भाव पडलेला, पाऊस धड नाही, बोंडात अळी. जिनिंग बंद पडलं आणि भोंगा वाजायचा थांबला. आमच्याकडे भोंग्यावर डाळ शिजवायला टाकायची सवय. किती तरी दिवस बायका चुलीपुढे नुसत्या बसून राहायच्या. घराघरांतून माणसं अबोल झाली. आणि दौलतभाऊ, आता हाताला काम नाही म्हणून, दिवसभर घरं हिंडायला लागले. एका किराणावाल्याकडे बसले म्हणे, पंधरा दिवसांत किराणावाला गेला. एका पोस्टमनकडे बसले म्हणे, तोही गेला. मग काय विचारता! त्यांची सायकल गल्लीत शिरली की फटाफट दारं लागायची. एक बाई तर खिडकीतून स्वतः ओरडली होती, "आम्ही घरी नाई हाओत! गावाले गेलो!" दौलतभाऊ खाली उभे राहून म्हणाले, "बरं, आल्यावर सांगजा," आणि खरंच निघून गेले.

शिवाय ती घंटी. ऐन दुपारी, सगळीकडे सामसूम असताना, त्या शेडमधून टिंग्... टिंग्... असा आवाज यायचा. सावकाश, अडखळत. मी मनात म्हणायची, खेळतोय मेला एकटाच. आमच्या शेजारची बाई मात्र कानात बोटं घालून घरात पळायची.

माझ्या टायपिंग क्लासचा मग कॉम्प्युटर क्लास झाला. टायपिंगची मशीन विकून चार कॉम्प्युटर घेतले. त्यात एक पिनबॉलचा खेळ होता. मी म्हटलं, चला, दौलतभाऊंना दाखवू. त्यांनी अर्धा तास नुसतं बघितलं. मग बटणं कोणती ते विचारलं आणि असे खेळले, की मुली खुर्च्या सोडून मागे उभ्या राहिल्या. एका बटणानं मशीनला धक्काही देता येत होता. त्यांनी दिला. दोनदा, तीनदा. पडद्यावर अक्षरं आली, टिल्ट. दौलतभाऊंचा चेहरा पांढराफटक.

"वैनी, याच्यात वयंबा कोठी हाये?"

"अहो, यात कसला वयंबा? सगळं खोटं असतं त्यात."

"खोटं हाये तं टिलटलं काहून?"

मी फीच्या पावत्या लिहायला आत गेले. परत येऊन बघते तर या बाबानं खिशातला पेचकस काढून कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडलं होतं आणि मान आत घालून वयंबा शोधत होते. मी जे काही तोंड सोडलं! चार महिन्यांचा हप्ता बाकी असलेला डबा तो. "पुन्हा क्लासमध्ये पाय ठेवाल तर बघा," असंही म्हणाले. ते झाकण नीट बसवत होते. "सापडला नाई," एवढंच पुटपुटले.

आता आमच्या यांच्याबद्दल सांगायला हवं. आमचे हे कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, दोन अंगठ्यांमध्ये धागा ओढायचा, आणि दर्जा सांगायचा. चांगला, मध्यम, फरदड, कवडी. शेवटचे दोन म्हणजे माल गेलाच. त्या वर्षी वरून हुकूम आला होता की हात आखडता ठेवा. मैलभर बंड्यांची रांग, माणसं दोन-दोन दिवस बंडीखाली झोपलेली, आणि शेवटी यांच्या तोंडून एक शब्द ऐकायचा. शिव्या यांनी खूप खाल्ल्या, त्याचं काही वाटलं नाही. पण एक म्हातारी आली. यांनी धागा ओढला आणि म्हटलं, "कवडी." ती भांडली नाही. "बरं बापा," म्हणाली आणि बंडी वळवून निघून गेली. तिचं ते "बरं बापा" यांच्या कानातून निघेना.

हे मुळातच कमी बोलणारे. आता बोलणं थांबलंच. जेवताना बोटं चालायची, हवेतला धागा ओढायची. एक दिवस मी भरदुपारी खोलीत गेले तर हे पलंगावर बसून उशी उसवत होते. कापसाचा पुंजका काढायचा, ओढायचा, बाजूला ठेवायचा, हळूच म्हणायचं, "फरदड." खोलीभर कापूस. माझ्याकडे वर बघून म्हणाले, "सगळा फरदड आहे गं." मला तेव्हा जी भीती वाटली तशी आयुष्यात कधी वाटली नाही. हा माणूस आपल्या हातातून जातोय, हे मला दिसत होतं, आणि काय करावं ते सुचत नव्हतं.

आणि नेमके दुसऱ्याच दिवशी दौलतभाऊ आमच्या दारात. मी काही बोलायच्या आत त्यांचा हात टेबलावर. या वेळी डोळे मिटून खूप वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हालते वैनी. लय हालते."

शकुन-अपशकुन न मानणारी मी! माझा असा संताप झाला, की मी त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. "माझ्या घरी नाही बसायचं! मरण घेऊन दारोदार हिंडता, लाज नाही वाटत? निघा!" सगळी गल्ली ऐकत होती. ते गेले नाहीत. आमच्या पायरीवर उन्हात बसले. संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी पायरीवर पाण्याची बादली ओतली, तर ओल्यातच बसले. आत हे, बाहेर ते, आणि मध्ये मी.

चौथ्या दिवशी दुपारी पायरी रिकामी होती. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. हे आत झोपलेत असं समजून मी समोर शेडकडे गेले, म्हटलं आज शेवटचं सुनावूनच येते. मे महिना, रस्त्यावर चिटपाखरू नाही, वारा अजिबात नाही, विजेची लाईन सकाळपासून गेलेली. शेडचं दार नुसतं लोटलेलं. आत कोणी नाही. मशीनचं बाजूचं झाकण उघडं होतं आणि आत तो वयंबा दिसत होता. बोटाएवढा, पितळी. झुलत होता. गोल गोल, सावकाश.

मी बोटानं धरून थांबवला. थांबला. हात काढला आणि तो पुन्हा झुलायला लागला, आधीपेक्षा जोरात, अगदी कड्याच्या जवळून. वर काचेतले ते दात माझ्याकडे बघत होते.

मी धावत घरी आले. पलंग रिकामा. टेबलावर यांचं घड्याळ, अंगठी आणि चष्मा, तिन्ही एका ओळीत नीट मांडलेली. चष्म्याशिवाय यांना चार पावलांवरचं माणूस दिसत नाही. चष्मा ठेवून हा माणूस कुठं गेला असेल? मी अनवाणी पळाले. त्या डांबरी रस्त्यावर, त्या उन्हात, त्यांचं नाव घेऊन ओरडत. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि मी पहिल्यांदा नवऱ्याला नावानं हाक मारत होते.

क्लासचं दार उघडं दिसलं. आत अंधारात दोघं शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसले होते. समोर बंद पडलेला कॉम्प्युटर. दौलतभाऊंनी यांचा हात मनगटाला घट्ट धरला होता, आणि यांचा दुसरा हात बटणांवर.

"काय करताय इथं?" मी दारातूनच विचारलं.

"सायेबाची गोटी वर होती, अन् मधातच लाईन गेली," दौलतभाऊ म्हणाले. "येईन लाईन. थांबून राह्यलो आमी."

मी नंतर हिशेब जुळवला. लाईन सकाळीच गेली होती. गोटीबिटी काही नव्हतीच. हे गावाबाहेरच्या रस्त्याला लागले होते, पायरीवरून उठून दौलतभाऊ मागे गेले आणि म्हणाले, "सायेब, एक गोटी खेयून जा ना." नवऱ्याच्या खिशातल्या किल्लीनं क्लास उघडला आणि त्या बंद पडद्यासमोर त्यांना तीन तास बसवून ठेवलं. लाईन येईल या आशेवर. मी खाली फरशीवर बसले आणि रडले. हेही रडले. बऱ्याच महिन्यांनी.

आठवड्याभरात यांना यवतमाळला डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या. रोज दुपारी दौलतभाऊ यायचे आणि दोघं क्लासमध्ये खेळायचे. हे अतिशय भिकार खेळायचे. मीच एकदा दौलतभाऊंना विचारलं, की ज्या घरी तुम्ही बसता त्या घरातलं माणूस जातं, असं लोक का म्हणतात?

"त्या दोघायच्या, किराणावाल्याच्या अन् पोस्टमनच्या, घरी मले बसू नाई देलं वैनी. हाकलून लावलं. ज्यायनं बसू देलं ते हायेत ना, फिरून राह्यले बजारात. त्यायले कोन मोजते?"

हाकलणाऱ्यांत मीही होतेच. मग त्यांनी आपण होऊन सांगितलं. त्यांची बायको सिंधू. मी नेरला यायच्या आधीची गोष्ट. एका दुपारी ती शेडच्या दारात आली आणि म्हणाली, जरा बसा ना मायापाशी. "मी म्हनलं, एवढी गोटी जाऊ दे. अन् ते गोटी गेलीच नाई वैनी. जिंदगीत तेवढा खेय मायानं कधी झाला नाई. घंट्यावर घंट्या. मी मांगं पाह्यलं तवा दारात कोनी नोतं." ते शांतपणे बोलत होते. "तिनं जीव देल्यावर त्या मशीनले मी खेयाले हात नाई लावला. दुरुस्त करून ठेवतो, बस."

"मग दुपारी घंटी कोण वाजवतं?"

"ते तुमच्या घरी ठेवलेल्या टायपिंगच्या मशीनची नोये? कागदावरची लाईन सरली का वाजते ते? मले तं तेच वाटे."

टाइपरायटर मी सगळेच्या सगळे केव्हाच विकले होते. मी ते त्यांना सांगितलं नाही.

पावसाळा सरता सरता हे बरेच सावरले. ग्रेडिंगचं काम सोडून ऑफिसात बदली मागून घेतली. स्वयंपाकात मीठ कमी आहे म्हणून माझ्याशी भांडले तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी उलट भांडले. त्याच दिवशी दौलतभाऊ आले, यांच्याकडे नीट बघितलं, म्हणाले, "चांगलं झालं. निंगतो मी," आणि गेले. ते गेले ते आलेच नाहीत. आठवडा झाला, पंधरवडा झाला. समोरच राहतात, पण आमच्याकडे मान वळवून बघत नाहीत. आमचं घर बरं झालं म्हणजे त्यांचं इथं काम संपलं, असा त्यांचा सरळ हिशेब. आणि बऱ्या घरात त्यांना बोलावणार कोण? वाईट घरं त्यांना हाकलत होती आणि चांगल्या घरांना ते आठवत नव्हते. मला माझीच लाज वाटली.

एका रविवारी मी बेसनाच्या पाटोडीचा रस्सा केला आणि यांना त्यांच्याकडे पाठवलं. दौलतभाऊ अर्ध्या मिनिटात धावत आले, दम लागलेला, पायात चपला दोन वेगवेगळ्या.

"कोनाले काय झालं?"

"कोणाला काही नाही झालं."

"सायेब बरे हायेत?"

"तुमच्या मागंच उभे आहेत."

"मंग कायले बलावलं?"

"जेवायला," मी म्हटलं.

ते दारातच थबकले. त्यांना खरंच कळेना. मी पाट मांडला, ताट वाढलं, दोनदा या म्हटलं तेव्हा आत आले. जेवले मात्र पोटभर. तीन भाकरी खाल्ल्या, रस्सा वाटीनं प्यायले. हात धुऊन निघाले, अंगणापर्यंत गेले, परत आले. काहीतरी विचारायचं होतं; चपला पुन्हा काढल्या, पुन्हा घातल्या.

"उद्या या," आमचे हे म्हणाले.

"उद्या? कायले?"

"काही नाही. असंच."

दौलतभाऊ दाराच्या चौकटीला धरून लहान पोरासारखे रडले. मी त्यांना रडू दिलं, आणि आत जाऊन उद्याच्या वड्यांसाठी डाळ भिजत घातली.